वामनराव गुल्हान्यांची जुळलेली तेरीज

छप्पन सालच्या नोव्हेंबरात यवतमाळ जिल्हा एका राज्यातून उचलून दुसऱ्या राज्यात ठेवला गेला, साठ साली त्या राज्याचंही नाव बदललं, मधल्या काळात आणे-पै जाऊन नवे पैसे आले. दिग्रसच्या सहकारी जिनिंग सोसायटीचे मुनीम वामनराव गुल्हाने यांनी या सगळ्या उलथापालथीकडे एकाच नजरेनं पाहिलं. "इकडचं नावे, तिकडचं जमा," ते म्हणाले. "टोटल बदलत नाही."

टोटल हा वामनरावांचा देव होता. जून संपला की सोसायटीचं वर्ष संपे आणि वामनरावांचा हंगाम सुरू होई. वर्षभर रोजकिर्दीत लिहिलेला पैसा न् पैसा खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर गेलेला असे. आता प्रत्येक खात्याची शिल्लक काढायची, नावेची एका रांगेत, जमेची दुसऱ्या रांगेत मांडायची आणि दोन्ही रांगांच्या बेरजा करायच्या. हीच तेरीज. बेरजा सारख्या आल्या की तिच्यातून नफातोटा पत्रक निघतं, ताळेबंद निघतो आणि मुनीम माणसात येतो. नाही आल्या तर तो माणसातून उठतो. पुसदकडच्या एका मुनिमाची तेरीज सात पैशांनी चुकली आणि ते सात पैसे तो दिवाळीपर्यंत रस्त्यानं खाली बघत शोधत होता, असं वामनराव रंगवून रंगवून सांगत. त्यांची स्वतःची तेरीज पहिल्या नाही तर दुसऱ्या बेरजेला जुळे. त्या दिवशी ते टोपी किंचित तिरपी करून घरी येत आणि मैनाबाईंना बाजारातून पावशेर जिलबी आल्याचं आधी वासानं कळे, मग टोपीनं.

घरीसुद्धा हिशेब चालूच. डाळीच्या डब्यावर 'मागील शिल्लक' अशी चिठ्ठी चिकटवलेला सबंध दिग्रसमधला तो एकच डबा असावा. "यायनं माह्या माहेरचं बी खातं उघडलं हाय," मैनाबाई शेजारणींना सांगत. "माहा भाऊ आला का नावे बाजू, गेला का जमा."

सोसायटीची जुनी खतावणी गाववार होती. एका गावाची खाती एका जागी, तांड्याची तांड्याच्या जागी. बापाच्या पानाशेजारी पोराचं पान, दिराच्या पानाला लागून विधवा भावजयीचं. बोलचाल बंद असलेल्या दोन भावांच्या मध्ये वामनराव एक कोरं पान सोडत. पुस्तकात तरी धुसफूस नको. अठ्ठावन्न साली नवे ऑडिटर आले. त्यांनी ती खतावणी दोन बोटांनी उघडली आणि विचारलं, "हे हिशेबाचं पुस्तक आहे की गावजेवणाची पंगत?" त्यांनी हुकूम केला: माणसांची खाती वेगळी, खर्चाची वेगळी, मालमत्तेची वेगळी, आणि माणसं अकारविल्हे लावायची, आडनाव आधी, नाव मागून.

वामनरावांना इतका आनंद लग्नातही झाला नव्हता. लाल पुठ्ठ्याची नवी खतावणी आली. तिच्यात त्यांनी सबंध उन्हाळाभर अडीचशे माणसं आडनावांनी उचलून नव्या घरांत नेऊन बसवली. सवय इतकी लागली की कोणी नाव विचारलं तर ते 'गुल्हाने वामन' सांगू लागले. "आता मले का गुल्हाने मैना म्हणून हाका मारसान?" मैनाबाईंनी विचारलं.

अडचण आली ती फक्त तांड्यांची. तांड्यातल्या माणसांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. आता ही मंडळी कापूस पिकवत होती. सोसायटीच्या रजिस्टरात त्यांचं आडनाव कोणी लिहिलंच नव्हतं. आपलं नाव आणि बापाचं नाव, झालं. आता त्यांत उलटवायचं काय? वामनरावांनी स्वतःच नियम केला: तांड्याची नावं आहेत तशीच ठेवायची. नियम चांगला होता. वामनरावांनी तो एकदाच मोडला, तोही नकळत.

एकोणसाठच्या जूनअखेरची तेरीज ही नव्या खतावणीतली पहिली तेरीज. ती पहिल्या बेरजेला नव्या पैशापर्यंत जुळली. चेअरमन किसनरावांनी सभेत हार घातला. ऑडिटरांनी शेऱ्यात 'समाधानकारक' हा शब्द लिहिला, जो त्यांनी स्वतःच्या जावयाबद्दलही कधी वापरला नव्हता म्हणतात.

आणि पोळ्याच्या आठ दिवस आधी खेमसिंग आला.

खेमसिंग हा वामनरावांच्या माहितीतला तांड्यातला सर्वांत कमी बोलणारा माणूस. पन्नाशी उलटलेला, पागोटं मोठं, शब्द मोजके. त्याच्या बापाचं नाव रामधन, आणि म्हातारा गेल्यावर जन्मलेल्या पोराचंही नाव त्यानं रामधनच ठेवलं होतं. जानेवारीत त्यानं पोराबरोबर गाडीभर कापूस सोसायटीत पाठवला होता. पैसे तिथंच राहू दिले होते, पोळ्याला बैल घ्यायचा म्हणून. तो आला तेव्हा वजनकाट्यावर मापारी होता, दहावीस गाडीवाले होते, वामनराव नेमके बाहेर ओट्यावर हवा खात बसले होते.

"तीनशे बारा रुपये अन् वर काही पैसे हायत माहे," खेमसिंग म्हणाला. "द्या जी."

वामनरावांनी लाल खतावणी मागवली. 'ख' उघडला. पानावर शेअरची रक्कम होती, बाकी पान कोरं. पोरगाही सभासद होता, म्हणून मग त्यांनी सहज 'र' उघडला. रामधन खेमसिंग. जमा तीनशे बारा रुपये सदतीस नवे पैसे.

"तुमच्या नावावर नाही, खेमसिंग. पोराच्या नावावर हाय."

"पोराच्या? कापूस माहा होता."

"काट्यावर त्यानं सोताचं नाव सांगतलं असन."

"चिठ्ठी होती. काट्याच्या चिठ्ठीवर माहंच नाव होतं म्हणे."

"कुठं हाय चिठ्ठी?"

चिठ्ठी शेळीनं खाल्ली होती. हे खेमसिंगनं प्रामाणिकपणे सांगितलं आणि सगळा काटा खदखदून हसला. वामनरावही हसले. हसत हसत त्यांनी लाल पुठ्ठ्यावर थाप मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "शेळी खाईन, पोरगं लबाडी करन, पण हे बुक खोटं बोलत नाही. तेरीज पैशाला पैसा जुळली हाय!"

चिठ्ठीची दुसरी प्रत सोसायटीच्याच कपाटात होती, वामनरावांच्या मागे, तीन हातांवर. पण जुळलेल्या तेरजेच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा कोणी सोडतं का?

खेमसिंगनं पागोटं सारखं केलं आणि गेला. रामधननं शपथा घेतल्या, आपण बापाचंच नाव सांगितलं होतं म्हणाला, सोसायटीत जाऊन पैसे काढून आणतो म्हणाला. बाप म्हणाला, चोराच्या हातचा पैसा नको. आठ दिवसांत रामधन बायकोला घेऊन महागावकडे सासऱ्याच्या तांड्यावर निघून गेला. तिकडे लोक त्याला घरजावई म्हणू लागले, इकडे चोर. ते तीनशे बारा रुपये सदतीस पैसे खात्यात तसेच पडून राहिले. बाप शिवेना, पोरगा मागेना. आणि वामनराव दोन वर्षं हा किस्सा ओट्यावर बसून सांगत राहिले, शेळीच्या नकलेसकट.

एकसष्ट साली आणखी एक नवे ऑडिटर आले. या गृहस्थांना माणसांपेक्षा कागद आवडत. दोन वर्षं ज्या खात्यात हालचाल नाही त्याच्या रकमेचा मूळ कागद ताळेबंदाला जोडा, असं त्यांनी बजावलं. अशी खाती तीन. दोन मेलेल्यांची आणि एक रामधनचं.

वामनरावांनी गुणगुणतच एकोणसाठच्या जानेवारीचा गठ्ठा सोडला. वाळवीनं कडा खाल्ल्या होत्या. दुपारचे तीन वाजले होते, चहा समोर होता. चिठ्ठी सापडली. मापाऱ्याच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं: 'खेमसिंग रामधन, हस्ते मुलगा.'

गुणगुणणं थांबलं. वामनरावांनी रोजकीर्द काढली. त्याच तारखेला, त्यांच्याच वळणदार अक्षरात, 'रामधन खेमसिंग'. त्या दिवशी काट्यावर ऐंशी गाड्या होत्या. वामनराव चिठ्ठीमागून चिठ्ठी उचलत होते आणि उन्हाळाभर लागलेल्या सवयीनं मागचं नाव पुढे घेत होते. ठाकरे किसन, गुल्हाने वामन, रामधन खेमसिंग. खेमसिंगच्या बापाचं नाव आडनाव समजून पुढे गेलं आणि बाप उलटून बरोबर पोरगा झाला. नाव असं चपखल की कुठे खटकलंसुद्धा नाही. जुनं गाववार पुस्तक असतं तर बापलेकांची पानं समोरासमोर असती. नव्यात त्या दोघांच्या मध्ये अर्ध्याहून जास्त मुळाक्षरं होती.

आणि तेरीज? ती जुळणारच होती. रक्कम जमेची, ती जमेलाच गेली. कोणाच्या जमेला गेली हे तेरीज विचारत नाही. ही गोष्ट वामनराव नव्या कारकुनांना स्वतः शिकवत असत.

चहावर साय आली. ती पाहून वामनरावांना काहीच वाटलं नाही, एरवी ते सायीचा चहा परत पाठवत.

ते चिठ्ठी घेऊन किसनरावांकडे गेले. चेअरमननी पान लावता लावता ऐकून घेतलं.

"मंग? टोटल बदलते का?"

"नाही बदलत."

"ताळेबंद?"

"तोही नाही."

"तं मंग कायले घाबरून राह्यले, वामनराव? दोन ओळीची नोंद करा. पोराच्या नावे, बापाच्या जमा. खतम. सभेत तुमचा सत्कार हाय अन् तुम्ही असं सुतकी तोंड करून फिरून राह्यले."

वामनरावांनी दोन ओळी लिहिल्या. इतक्या सुंदर अक्षरात त्यांनी आयुष्यात नोंद केली नव्हती. टीपकागद दाबला. खाती दुरुस्त झाली. तेरीज जुळलेलीच होती, तशीच जुळलेली राहिली. आणि वामनराव त्या दोन ओळी दिवेलागणीपर्यंत पुन्हा पुन्हा वाचत बसले.

त्या संध्याकाळी मैनाबाई भाजीत मीठ घालायला विसरल्या. वामनराव निमूट जेवले. दुसऱ्या दिवशी वरणात मीठ दोनदा पडलं. तेही निमूट जेवले. तेव्हा मात्र मैनाबाईंचं धाबं दणाणलं.

"काय झालं तुमाले? पैसा कमी भरला का?"

"पैसा बरोबर हाय."

"मंग?"

वामनरावांनी सांगितलं. बायको हसेल, निदान 'आता झालं ते झालं' म्हणेल अशी त्यांची अपेक्षा होती. मैनाबाईंनी ताट उचललं आणि म्हणाल्या, "अन् तुम्ही त्या शेळीची नक्कल करत होते. माह्या भावापुढं बी केली."

एवढंच म्हणाल्या. वामनरावांना ते पुरलं.

शनिवारी सायकल काढून ते तांड्यावर गेले. रस्ता दगडांचा, सायकल चेअरमनची, घाम स्वतःचा. वाटेत त्यांनी तीन भाषणं तयार केली. पहिल्यात ऑडिटरांचा दोष होता, दुसऱ्यात मापाऱ्याच्या अक्षराचा, तिसऱ्यात एकूणच सरकारी धोरणाचा. तांडा दिसला तेव्हा तिन्ही भाषणं त्यांच्याच कानाला ऐकवेनाशी झाली होती.

खेमसिंग अंगणात दोर वळत होता. त्याची बायको हंसाबाई ज्वारी पाखडत होती, हातभर बांगड्यांसारखे पांढरे बल्ये, सूप वर-खाली. वामनरावांनी चिठ्ठी पुढे केली. मग आठवलं की दोघांनाही वाचता येत नाही. मग ती स्वतःच वाचली. "खेमसिंग रामधन, हस्ते मुलगा." आणि म्हणाले, "पोरानं बरोबर सांगतलं होतं. चूक माही झाली. नाव मी उलटं लिवलं."

सूप थांबलं. खेमसिंगचे हात मात्र दोर वळतच राहिले. दोन वीत दोर त्यानं उगीच जास्त वळला.

बोलली ती हंसाबाई. "मी यायले तवाच म्हणलं होतं, मुनीमजी. मी त्याची याडी, त्याची माय हावो. पोरगं चोर नाही म्हणलं होतं. पण माह्या बोलण्याले तुमच्या बुकासारखा लाल पुठ्ठा नोता ना."

वामनरावांच्या पायापाशी एक शेळी आली, त्यांनी चिठ्ठी घाईनं खिशात घातली, आणि या वेळी त्यांना हसू आलं नाही.

"पैसे आता तुमच्या खात्यात टाकले हायत," ते कसंबसं म्हणाले. "कवाही या. मी, मी माफी मागाले आलतो."

खेमसिंगनं दोर खाली ठेवला. "काट्यावर शंभर माणसात म्हणले होते तुम्ही," तो म्हणाला. "जोरानं म्हणले होते. अन् आता इथं येऊन माह्या कानात सांगून राह्यले?"

"मंग काय करू?"

"तुमाले माईत." मग तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "बुक तुमचं होतं. पोरगं तं माहं होतं ना. मी बुकाचं ऐकलं."

परतताना सायकल पंक्चर झाली. वामनरावांना बरंच वाटलं. ढकलत चालताना माणसाला शिक्षा झाल्यासारखं वाटतं. पण दिग्रस आलं तरी शिक्षा काही पुरी झाली नव्हती.

सोमवारी त्यांनी वार्षिक सभेच्या नोटिसा धाडल्या. महागावकडे जाणाऱ्या नोटिशीवर छापील मजकुराखाली हातानं लिहिलं: 'अगत्य येणे. तुमच्या नावाचं काम आहे.' आणि पत्ता लिहिताना 'रामधन खेमसिंग' ही दोन नावं त्यांनी चार वेळा तपासली.

सभा जिनाच्या रिकाम्या शेडमध्ये भरली. सतरंज्या, एक टेबल, टेबलावर लाल खतावणी आणि तिच्याशेजारी हार. खेमसिंग उजव्या भिंतीला, हंसाबाई बायकांत. रामधन दाराशी, चपला घालूनच, कधीही निघून जाता येईल अशा बेतानं बसलेला. दोन वर्षांत तो बापासारखा दिसू लागला होता.

किसनराव बोलले. नफा सांगितला, सरकी सांगितली, मग म्हणाले, "अन् आपले वामनराव! यंदा बी तेरीज पैशाला पैसा जुळली! टाळ्या!"

टाळ्या पडल्या. वामनराव उभे राहिले. हार गळ्यात पडायच्या आत त्यांनी दोन्ही हातांनी तो अडवला, त्यामुळे क्षणभर चेअरमन आणि मुनीम यांच्यात हाराची ओढाताण चालली आहे असं लोकांना वाटलं आणि मागे हशा पिकला.

"थांबा," वामनराव म्हणाले. "तेरीज जुळली हाय. पण एकोणसाठ साली बी जुळली होती, अन् ते बुक खोटं होतं."

किसनरावांनी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. वामनराव पाय दाबलेला असतानाच बोलत राहिले. कापूस खेमसिंगचा होता. रामधननं बापाचंच नाव सांगितलं होतं. चिठ्ठी कपाटात होती, आपण ती काढून पाहिली नाही, कारण टोटल जुळली होती. आणि काट्यावर सर्वांसमोर आपण या पोराला लबाड म्हटलं. "पोरगं लबाड नोतं. मी म्हणलं. अन् दोन वर्सं हसत हसत सांगत राह्यलो."

मग मागून कोणीतरी ओरडलं, "मंग माहं बी खातं पाहा ना बाप्पा!"

"माहं पहिले!"

"माह्या भावाच्या नावावर माहा कापूस गेला नाही ना जी?"

दोन मिनिटांत टेबलाभोवती साठ माणसं. चिठ्ठ्या, पावत्या, एकानं तर सासऱ्याची कोर्टाची नोटीस आणली. वामनरावांनी वीस वर्षांत कमावलेलं नाव असं साठ हातांनी ओरबाडलं जात होतं आणि किसनराव कपाळाला हात लावून म्हणत होते, "करा आता निस्तरा! नोंद केली होती ना? खतम होतं ना?"

त्या गर्दीतून वामनरावांनी टाचा उंचावून पाहिलं. खेमसिंग उठला होता. तो भिंतीच्या कडेकडेनं दारापर्यंत गेला आणि रामधनच्या शेजारी, हातभर अंतर सोडून, उकिडवा बसला. दोघंही समोर पाहत होते. बराच वेळ बापानं कनवटीची तंबाखू काढली, हातावर घेतली, परत बांधली, परत काढली.

"चुना हाय का?" त्यानं विचारलं.

रामधननं खिशातून डबी काढून दिली. बापानं न बघताच डबी उघडली. चुना चौपट पडला. तो त्यानं तसाच मळला आणि तोंडात टाकला.

गर्दी ओसरल्यावर रामधन टेबलापाशी आला. वामनरावांनी खतावणी त्याच्याकडे फिरवली, दुरुस्तीची ओळ दाखवली. त्यानं रक्कम वाचली. त्याला वाचता येत होतं, दुसरीपर्यंत शाळेत गेला होता.

"पैसे फिरले," तो म्हणाला. "अन् हे दोन वर्सं, मुनीमजी? हे कोणाच्या नावे टाकसान?"

वामनरावांच्या हातात टाक होता. तो त्यांनी खतावणीवर ठेवला.

"माह्या," ते म्हणाले. "माह्या नावे टाक."

'जाऊ द्या मुनीमजी' असं तो म्हणेल, अशी त्यांना त्या क्षणी फार, फार आशा होती.

"टाकलं," रामधन म्हणाला आणि बापाचं तोंड चुन्यानं भाजलं होतं म्हणून पाण्याचा लोटा शोधायला गेला.